गॅलिक स्थलनामे आणि ओसाड ठरणारी जमीन

स्कॉटलंडच्या लुइस बेटावर कार्लोवे नावाचा परिसर आहे. तिथली वस्ती पाचशेच्या आसपास. तरीही रिचर्ड कॉक्स यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली तीन हजारांहून अधिक स्थलनामे नोंदलेली आहेत. एवढी नावे हौसेपोटी पडलेली नाहीत. झाडे नसलेल्या, दूरवर एकसारख्या दिसणाऱ्या पीटच्या (जळणासाठी कापल्या जाणाऱ्या दलदली मातीच्या) माळावर गाय कुठे रुतली हे दुसऱ्याला सांगायचे, तर प्रत्येक ओहळ, उंचवटा आणि डबके वेगळे ओळखता येणे भाग होते. ‘आरी’ने सुरू होणारे गॅलिक नाव उन्हाळी चराईच्या झोपडीची जागा दाखवते. अशा जागी भोवतीच्या काळपट माळात हिरव्या गवताचा पट्टा अजूनही दिसतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखताने तिथली मातीच बदललेली असते. नाव ही जमीनवापराची नोंद असते, पण ती वाचायला भाषा आणि चराईचा व्यवहार ही दोन्ही अंगे माहीत असावी लागतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शॉबॉस्ट, लूरबॉस्ट या गावांच्या नावांतला ‘बॉस्ट’ मुळात नॉर्स, शेतवाडी सांगणारा. ती भाषा बेटावरून कित्येक शतकांपूर्वी गेली, तरी नावे राहिली. मग गॅलिकबद्दलच चिंता का? माझ्या मते फरक असा, की तेव्हा भाषा बदलली तरी गुरे राखणे आणि पीट कापणे चालू राहिले. जुन्या नावांचा अर्थ विरला, पण कोणते नाव कोणत्या जागेचे हे विसरले गेले नाही. आज भाषा आणि तो व्यवहार एकाच वेळी आटत आहेत.

नकाशाने ही तूट भरून निघत नाही. त्याच्या प्रमाणात मोजकीच नावे मावतात, आणि मावलेलीही आपल्या जागेवर राहतातच असे नाही. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील ज्या पर्वतसमूहाला जग केर्नगॉर्म म्हणून ओळखते, त्याचे गॅलिक नाव त्याच्या तांबूस रंगावरून पडले आहे. त्यातल्या एकाच शिखराचे, निळसर डोंगर अशा अर्थाचे नाव इंग्रजी वापरात साऱ्या समूहाला लागले. दुभाषी रस्ताफलकही गावांपुरते असतात, ओहळांपर्यंत पोहोचत नाहीत.

याचा परिणाम नियोजनात दिसतो. लुइसच्या माळावर १८१ पवनचक्क्यांचा प्रस्ताव आला तेव्हा ही जमीन ओसाड नाही हे दाखवण्यासाठी विरोधकांपैकी काहींनी माळाची गॅलिक शब्दसंपदा पुढे केली. २००८ साली स्कॉटिश सरकारने प्रस्ताव नाकारला, पण तो पक्षी आणि अधिवास यांना संरक्षण देणाऱ्या युरोपीय कायद्याच्या आधारे. पवनऊर्जेची गरज मी नाकारत नाही. पण दुर्मीळ पक्षी नसलेल्या, तितक्याच नावांनी भरलेल्या माळाला असा आधार मिळाला नसता.

कल बदलला नाही तर दशकभरात रोजच्या वापरातली सामुदायिक भाषा म्हणून गॅलिक उरणार नाही, असा इशारा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला आहे. तसे झाले तर सर्वांत आधी जातील ती कधीच न लिहिलेली, वयस्क गुराख्यांनाच ठाऊक असलेली नावे. आणि काय गेले हे पडताळायला यादीही नसेल. म्हणून नोंदणी त्या माणसांबरोबर माळावर चालत, उच्चार ध्वनिमुद्रित करत, अक्षांश-रेखांशांसह आणि जमिनीच्या वापराच्या तपशिलासकट व्हायला हवी. जुन्या कागदांवरून हे काम पुढे कधीतरी करता येईल, हा समज चुकीचा आहे.