होडीतला संडास आणि आमची नहाणी

विषय जरा 'तसला' आहे. जेवता जेवता वाचत असाल तर हे नंतर वाचा. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "लिहायला दुसरं काही सापडलं नाही का?" नाही सापडलं. शिवाय तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला वासाचं वावडं असून चालत नाही.

तर झालं असं. माझा भाचा ऑकलंडला असतो. परतवाड्यात वाढलेला मुलगा, लहानपणी पाणी पाहिलं ते बिच्छन आणि सापन नदीचं, तेही पावसाळ्यात. त्याने तिकडे शिडाची एक जुनी होडी घेतली. फोटो आले, सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं. आणि मग एका रविवारी भाचेबुवांचा फोन.

"मामा, तुमी केमिस्ट्रीवाले ना? होडीतल्या संडासचा वास काही केल्या जाऊनच नाही राह्यला. बायको म्हणते, आता मी तुमच्या होडीत पाय ठेवत नाही."

मी आधी पोटभर हसलो. मग विचारलं, काय काय केलंस? तर निळं औषध, लिंबाच्या वासाचा फवारा, अगरबत्ती, कापूर... म्हणजे वासावर वास! मी विचारलं, "सर्वात जास्त केव्हा येतो?" म्हणाला, "आठ दिवसांनी होडी उघडली न् पह्यला पंप मारला का. सडल्या अंड्यासारखा."

सडकं अंडं म्हटल्याबरोबर मला आमची प्रयोगशाळा आठवली. किपचं उपकरण, त्यात फेरस सल्फाइड, त्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल, आणि निघणारा हायड्रोजन सल्फाइड. तुमच्यापैकी विज्ञान शाखेच्या मंडळींना तो वास आत्तासुद्धा आला असेल. थोड्या वेळाने पोरं म्हणायची, "सर, वास गेला." वास गेलेला नसायचा. नाक थकलेलं असायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

होडीत नेमकं काय होतं? छोट्या होड्यांत संडास धुवायला बहुधा समुद्राचंच पाणी पंपाने ओढतात. त्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, आणि लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. होडी आठ दिवस बंद राहिली की नळीत अडकलेल्या पाण्यातले जीव मरतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजनवाचून जगणारे जीवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. म्हणजे भाच्याच्या होडीत एक किपचं उपकरणच चालू होतं! मैला टाकीत जाण्याच्या आधीच वास तयार.

म्हणून उपायही साधे. होडी सोडून निघताना गोडं पाणी पंपाने पूर्ण नळीतून फिरवायचं. नळ्या तपासायच्या: गरम पाण्यात भिजवलेलं फडकं नळीवर बाहेरून घासायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास आला तर वास नळीच्या भिंतीतूनच झिरपतोय, नळी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. नळीत साचलेल्या क्षारांना अधूनमधून व्हिनेगर. आणि मुख्य म्हणजे टाकीचा हवेचा पाइप मोकळा आणि रुंद हवा. टाकीत हवा खेळली की हवेवर जगणारे जीवाणू काम करतात आणि त्यांच्या कामाला असा वास नसतो.

पूर्वीच्या शिडाच्या जहाजांवर संडास अगदी पुढच्या टोकाला असे. वारा बहुतेक मागून यायचा, वास पुढेच निघून जायचा आणि लाटा आपोआप धुऊन काढायच्या. जहाजाच्या 'डोक्याशी' म्हणून इंग्रज खलाशी संडासाला अजून 'हेड' म्हणतात. त्या लोकांना कापूर लागला नाही. हवा आणि पाणी पुरलं.

भाच्याला हे सगळं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. फोनवरून शहाणपण शिकवायला काय जातं!

यंदा एप्रिल-मे आम्ही मुलीकडे पुण्याला होतो. परत आलो, कुलूप उघडलं, आणि घरात तोच वास. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलं होतं. त्या वीतभर पाण्याचं काम एवढंच, की टाकीतला वायू घरात येऊ न देणं. दोन बादल्या ओतल्या, फरक पडला, पण पुरता नाही. सौ.ने फिनाइल ओतलं, मी डांबरगोळ्या टाकल्या. होय, मीच! भाच्याला हसलेला मी. चार दिवसांनी गच्चीवर गेलो तेव्हा दिसलं, वरची खोली बांधताना टाकीचा हवेचा पाइप कापून त्याच्या तोंडावर सिमेंट थापलं होतं. बांधकामावर देखरेख कोणाची? माझी.

पाइप मोकळा केला. टाकीही भरली होती म्हणून उपशासाठी एका माणसाला बोलावलं. त्याने झाकण काढलं, दहा-पंधरा मिनिटं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, उतरतो न् गाळ काढून देतो. आता तं वासबी येऊन नाही राह्यला."

मी दूर ओसरीत उभा होतो. मला येत होता.

अंगावर काटा आला. हा वायू अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाक मरतं. त्याहून वाढला की माणूस. हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात तळाशी साचून राहतो. माणसाला असं टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. तरी माणसं उतरतात, मरतात.

मी त्याला उतरू दिलं नाही. उपसायची गाडी सांगितली, ती तिसऱ्या दिवशी आली. त्याची मजुरी त्याला दिली तर तो खूष झाला नाही. म्हणाला, "तुमी नाही म्हटलं साहेब, पण उद्या दुसरीकडं उतराच लागते ना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अमरावतीला जाताना वलगाव लागतं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा तिथेच गेले. गावात शिरले की आधी खराटा हातात घेणारा हा माणूस. बाबांनी घाणीवर कधी अत्तर शिंपडलं नाही. आपण मात्र सुवासिक फवाऱ्यांवर पैसे घालतो, आणि खालची टाकी कोण उपसतो ते विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच. वास आला तर झाकू नका. हवा कुठे अडली, पाणी कुठे वाळलं किंवा साचलं, ते शोधा. आणि वास येत नाही म्हणून कुणाला टाकीत उतरवू नका.

असो. भाचेसून पुन्हा होडीवर जायला लागली आहे. फवाऱ्याची बाटली त्याने फेकून दिली. आमच्या डांबरगोळ्या अजून कपाटात आहेत, पण त्या आता फक्त लोकरी कपड्यांसाठी.