मगरपट्टा : खरी कमाल सातबाऱ्याची

मगरपट्टा सिटीचं कौतुक निघालं की लोक बागांबद्दल आणि सायबरसिटीबद्दल बोलतात. मला विचाराल तर खरी कमाल सातबाऱ्याची आहे.

हडपसरची ही सुमारे ४०० एकर शेतजमीन. पुणं वाढत वाढत बांधापर्यंत आलं होतं. अशा वेळी जमीन बिल्डरला विकायची, गाडी घ्यायची आणि दहा वर्षांनी हात चोळत बसायचं, हे आपल्याकडे गावोगाव झालंय. इथे मात्र सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याला शेअर्स दिले. २००० साली बांधकाम सुरू झालं. काही शेतकऱ्यांची मुलं तिथेच कंत्राटं घेऊ लागली.

'मग सगळीकडे असंच करा की!' थांबा. एक तर यातली बहुतेक कुटुंबं मगर भावकीतली. बांधावरून कोर्टात जाणारी भावकी पाहिलेल्यांना कळेल, हे किती अवघड होतं ते. दुसरं, शेअर्स जमिनीच्या हिशोबाने. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या शेतमजुराच्या वाट्याला या हिशोबात काहीच येत नाही.

आणि आम्ही आयटीवाले? देशभरातून येतो, भाड्याने राहतो, नोकरी बदलली की निघतो. आम्हाला जागा मिळते, कारण कोणाचं तरी शेत गेलेलं असतं.

तरी मी या मॉडेलच्याच बाजूचा. फक्त पुढच्या वेळी शेअर्स वाटताना त्या शेतात राबणाऱ्यालाही मोजा. थोडा का होईना, वाटा त्याचाही आहे.