गृहस्थाची तालीम

गेल्या महिन्यांत मुरबाडहून एका वाचक भगिनीचें चार पानी पत्र आलें. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा आहे आणि ती योग्यच होय. यजमान पहांटेच्या एस. टी.नें कल्याण गांठून तेथून लोकलनें मुंबईस कचेरींत जातात, रात्रीं आठाच्या सुमारास परततात, आणि हातपाय धुतात न धुतात तोंच व्यायामशाळेची वाट धरतात. आठवड्याचे सहाही दिवस हा क्रम. लोखंडी वजनें उचलून घरीं येईतों दहा वाजतात, जेवण त्यानंतर. बढतीच्या परीक्षेचीं पुस्तकें दोन वर्षें कोनाड्यांत तशींच पडून आहेत. घरांत सासूबाई सत्तरीच्या, मुलगा पहिलींत, आणि भगिनी स्वतः बाहेरून एम. ए.चा अभ्यास करीत आहेत, म्हणजे करूं पाहत आहेत. त्या विचारतात, "यांची तालीम बंद करावी काय? आणि तसें म्हणण्याचा मला अधिकार आहे काय?"

दुसरा प्रश्न वाचून आम्ही कांहीं वेळ पत्र हातांत धरूनच बसलों.

उत्तरापूर्वीं एक कबुली देणें प्राप्त आहे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, शालान्त परीक्षा जवळ आली कीं कवायतीचे तास मागून घेत असूं. मुलें मैदानाकडे डोळे लावून बसत आणि आम्ही त्यांच्याकडून धातूंचीं रूपें घोकून घेत असूं. कवायतीचे मास्तर भिडस्त. ते कधीं नाहीं म्हणाले नाहींत. शरीर हेंच धर्माचें पहिलें साधन, या अर्थाचें कालिदासाचें प्रसिद्ध वचन आम्हीं समजावून दिलें तेंही बहुधा असल्याच एखाद्या चोरलेल्या तासांत. मुलांचा तास घेतला आणि स्वतःही मैदानावर कधीं उतरलों नाहीं. साठी उलटल्यावर जेवणाच्या पाटावरून उठतांना प्रथम एक हात भुईस टेकावा लागूं लागला, पुढें दोन्ही. गुडघे ठीक आहेत असें डॉक्टरांनीं सांगितलें. गेलें होतें तें मांड्यांतील बळ.

म्हणून यजमानांच्या व्यायामास आम्ही नाद किंवा थेर म्हणणार नाहीं. तारुण्य ओसरूं लागलें कीं स्नायू हळूहळू झिजूं लागतात, आणि साठीनंतर ही झीज वेग घेते, हें आतां सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, नित्याच्या चालण्याफिरण्याखेरीज आठवड्यांतून निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम प्रौढांस सांगितला आहे. पासष्टीपुढील माणसांस तोल सांभाळण्याचा व बळाचा व्यायाम तीन दिवस. वय झालें, आतां काय उपयोग, असें म्हणणारांसाठीं बॉस्टनचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९० सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमांतील नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा भारयुक्त व्यायाम करून घेतला. ज्या नऊ जणांनीं तो पुरा केला त्यांचें बळ सरासरीनें १७४ टक्के वाढलें.

परंतु वरील मार्गदर्शनांतील 'दोन दिवस' हे शब्द यजमानांनीं पुन्हां वाचावेत. सहा रात्रींची गरज कोणी सांगितलेली नाहीं.

तरुण मंडळी अशा वेळीं लोकमान्यांचा दाखला देतात. टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत गेले आणि पहिलें वर्ष त्यांनीं पुस्तकें बाजूस सारून तालीम, पोहणें आणि पौष्टिक खाणें यांत घालविलें. त्या बळावर पुढची दगदग सोसली, ही गोष्ट खरी आहे. पण त्या वेळीं ते सतरा वर्षांचे विद्यार्थी होते. लग्न झालें होतें, वडील नुकतेच वारले होते, तरी संसाराचें ओझें अद्याप अंगावर पडलें नव्हतें. एक सबंध वर्ष शरीराच्या नांवें खर्ची टाकणें हा विद्यार्थ्याचा मार्ग झाला. गृहस्थानें दाखला घ्यावा तो औंधच्या पंतप्रतिनिधींचा. भवानराव श्रीनिवासराव संस्थानचा कारभार पाहत, चित्रें काढीत, कीर्तन करीत, आणि नित्य सूर्यनमस्कार घालीत. त्यांनीं नमस्कार संस्थानच्या शाळांत नेले. विलायतेंत त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३८ सालीं निघाला तेव्हां ते सत्तरीस पोंचले होते. आम्हांस त्यांतील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही कीं, नमस्कार एकट्या राजेसाहेबांचे नव्हते. राणीसाहेब घालीत, मुलें घालीत. व्यायामासाठीं घराबाहेर पडावें लागलें नाहीं, म्हणून त्याचें कोणास ओझें झालें नाहीं.

आमच्या आयुर्वेदानेंही मर्यादा घालून दिली आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानें थंडींत आणि वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असें वाग्भट सांगतो. अर्धी शक्ति ओळखावी कशी? श्वास तोंडाशीं येऊं लागला कीं ती संपली, अशी खूण सुश्रुतानें दिली आहे. आजच्या भाषेंत याचा अर्थ आम्ही असा करतों कीं, वजन आणखी दोन-तीन वेळां उचलतां येईल इतकें बळ शिल्लक असतांनाच खालीं ठेवावें. तेवढ्यानेंही स्नायू वाढतात. वाग्भट वृद्धांस मात्र व्यायाम वर्ज्य सांगतो. तेथें आम्ही, आचार्यांची क्षमा मागून, बॉस्टनच्या बाजूस उभे राहतों.

आतां वेळेचा हिशेब. प्रवासांत अभ्यास उरकावा, असा उपदेश करणारानें सकाळीं कल्याणहून सुटणारी लोकल कधीं पाहिलेली नसते. तेव्हां तो मार्ग सोडून देऊं. उरतात त्या सहा संध्याकाळी आणि एक रविवार. रविवारीं सकाळीं यजमानांनीं खुशाल व्यायामशाळेंत जावें, जड वजनें तेथें उचलावींत. आठवड्यांतील दोन संध्याकाळीं चाळीस मिनिटें घरींच व्यायाम व्हावा, आणि तो सर्वांनीं मिळून. दोन संध्याकाळी परीक्षेच्या पुस्तकांच्या. राहिलेल्या दोन संध्याकाळीं मुलगा, सासूबाई आणि स्वयंपाकघर यजमानांनीं सांभाळावें, आणि भगिनींनीं दार लावून घेऊन एम. ए.चा अभ्यास करावा. दार लावून घेणें आवश्यक आहे. उघड्या दाराशीं अभ्यास करणाऱ्या बाईस मिठाचा डबा कोठें आहे हें दर दहा मिनिटांनीं सांगावें लागतें.

घरच्या व्यायामास सामान थोडें लागतें. नमस्कार आहेतच, पण नमस्कारांत ढकलणें आहे, ओढणें नाहीं. पूर्वीं ही उणीव आडावरचा रहाट भरून काढीत असे. पंप आले, रहाट गेले, आणि पाठीचे स्नायू बिनकामाचे झाले. त्यास उपाय असा: मजबूत पिशवींत जाड पुस्तकें भरावींत, कमरेंत वांकून पाठ सरळ ठेवावी, आणि पिशवी पोटाकडे ओढावी, दहा वेळां, थोडें थांबून पुन्हां दहा वेळां. सोपें वाटूं लागलें कीं एक पुस्तक वाढवावें. बढतीच्या परीक्षेचीं पुस्तकें निदान त्या निमित्तानें कोनाड्यांतून बाहेर येतील.

पूरक भुकटीच्या डब्याची किंमत भगिनींनीं पत्रांत दिली आहे. ती छापून आम्ही कोणास चकित करूं इच्छित नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणें शरीराच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें हवींत, म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारें ५० ग्रॅम. वजनें उचलणारास कांहीं अधिक. भात कापल्यावर आपल्याकडील शेतांत उरल्या ओलीवर वाल होतात. वालाचें बिरडें, डाळ, दूध आणि दही यांनीं शाकाहारी घराचें बरेंचसें काम भागतें, मात्र तें सर्वांच्या पानांत सारखें पडलें पाहिजे. दह्याची कवडी यजमानांस आणि ताकाचें पाणी सुनेस, ही वांटणी आम्हीं पुष्कळ घरांत पाहिली आहे.

स्त्रियांस कामें काय थोडीं असतात, त्यांस निराळा व्यायाम कशास, असें कोणी म्हणेल. आमच्या शहापूर तालुक्यांतून तानसा आणि भातसा यांचें पाणी मुंबईस जातें, आणि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या असतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारीस कोणी व्यायामपटु म्हणत नाहीं, आणि तें बरोबरच आहे. कारण तिच्या ओझ्यास मोजमाप नाहीं, विश्रांतीचा दिवस नाहीं, वर पेलाभर दूध नाहीं. सुशिक्षित घरांतील सुनेचे कष्ट इतके कठोर नसले तरी त्याच जातीचे. ते थकवितात, बळ देत नाहींत. रजोनिवृत्तीनंतर बायकांचीं हाडें ठिसूळ होऊं लागतात. भारयुक्त व्यायाम त्यांस आधार देतो. तेव्हां दोन संध्याकाळच्या त्या व्यायामांत भगिनींची पिशवी यजमानांच्या पिशवीशेजारीं असावी. सासूबाईंनीं डॉक्टरांस विचारून भिंतीस टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकतां उठावें आणि बसावें, झेपेल तितक्या वेळां.

राहिला अधिकाराचा प्रश्न. यजमानांची तालीम बंद करा म्हणण्याचा अधिकार भगिनींस आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विवाहहोमानंतर जीं सात पावलें टाकलीं, त्यांतील दुसरें पाऊल ऊर्जेचें, म्हणजे बळाचें आहे. भटजींनीं अर्थ सांगितला नसेल. आमच्या लग्नांत आम्हांसही सांगितला नव्हता, आणि आम्हांस तो कळत असूनही आम्हीं घरांत कधीं बोलून दाखविला नाहीं. तें पाऊल दोघांनीं मिळून टाकलेलें असतें. त्यांतला आपला वांटा मागण्यास निराळ्या अधिकाराची जरुरी नाहीं. हें पत्र यजमानांच्या हातीं पडेल अशा जागीं भगिनींनीं मासिक उघडें ठेवावें.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, गेल्या दिवाळीपासून आम्ही खुर्चीवरून उठण्याचा क्रम धरला आहे. शेजारच्या खुर्चीवर सौभाग्यवती असतात आणि मोठ्यानें मोजतात, त्यामुळें चुकारपणा चालत नाहीं. त्या पंधरापर्यंत जातात. आम्ही बारावर आहों. पाट अजून एक हात टेकल्याशिवाय सुटत नाहीं.