एवढ्याशाने काय होतं?

तुमच्या ग्रुपमध्ये अशी एखादी असेल बघा. बर्थडेचा केक कापला की नेमका तेव्हाच तिला फोन येतो. कटिंग घेते, पण खारी नको म्हणते. सगळे वडापाववर तुटून पडलेले असताना ही आपली डब्यातली ज्वारीची भाकरी काढते. मग आपण विचारतोच, 'डाएट वगैरे करतेयस की काय?'

माझ्या फ्लॅटमेटला सिलिअ‍ॅक आहे. ही साधी अ‍ॅलर्जी नाही आणि फॅड तर नाहीच नाही. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य, यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाचं हिमोग्लोबिन चढत नाही, कुणाची उंची खुंटते, कुणी नुसतंच थकलेलं असतं. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, हाच उपाय.

हे सगळं मला माहीत होतं. तरी एका पार्टीत मीच केकचा तुकडा तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, 'एवढ्याशाने काय होतं?' तिने खाल्ला. मला वाटलं, चला, मोकळी झाली पोरगी. पुढचे दोन दिवस ती कॉलेजला आली नाही. नंतर म्हणाली, 'नाही म्हणायचा कंटाळा आला होता गं.'

हा कंटाळा आपल्याला कळत नाही. डॉक्टरांना आजार कळतो, आईला काळजी कळते. कंटाळा ज्याला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे त्यालाच कळतो, आणि तो भेटणं अवघड. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं अभ्यास सांगतात, दक्षिणेत प्रमाण बरंच कमी. आपल्याकडे तर अनेकांनी नावही ऐकलेलं नसतं.

तिला ती भेटली दवाखान्याच्या बाकावर. साताऱ्याची, बारावीतली, मांडीवर डबा. 'तुला पण?' एवढ्यावर दोघी पाऊण तास बोलत बसल्या. त्या मुलीने सांगितलं, बाजारातल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, पाकीट वाचून घे. म्हणजे 'पोहे तरी खा' म्हणून आम्ही जे आग्रहाने वाढत होतो, तेही गेलंच! सोया सॉसमध्ये गहू, समोशाच्या तेलात तळलेले बटाटेवडेही नकोत. आणि कॅन्टीनमध्ये उपवासाची साबुदाणा खिचडी मिळाली तर सोडू नकोस, लोक 'रोज कसला उपवास?' म्हणून हसले तरी. मुख्य म्हणजे, ती स्वतः वर्षभर चोरून बिस्किटं खायची हेही तिने सांगून टाकलं. पोट दुखायचं नाही म्हणून वाटायचं, चालतंय. रिपोर्ट आले तेव्हा कळलं, त्रास जाणवला नाही तरी आतडं बिघडतच असतं. हेच डॉक्टरांनी सांगितलं असतं तर आमच्या बाईंनी नुसती मान डोलावली असती.

अशी भेट नशिबावर का सोडायची? कॉलेजच्या एनएसएसला रक्तदान शिबिर जमतं, तर नोटीस बोर्डवर एक कागदही जमेल: सिलिअ‍ॅक, टाइप १ डायबिटीस असं काही असेल आणि तसंच कुणी भेटायला हवं असेल, तर सांगा. ज्यांची इच्छा असेल त्यांचीच गाठ घालून द्यायची, नाव बाहेर फोडायचं नाही. कॅन्टीनवाल्या काकांनीही कशात मैदा, कशात रवा, कुठला हिंग, हे फळ्यावर लिहावं. खडू लागतो, बजेट नाही.

आणि हे वाचून कुणाला स्वतःबद्दल शंका आली असेल, तर लगेच पोळी बंद करू नका हं. आधी बंद केली तर तपासणीत आजार सापडेलच असं नाही. आधी डॉक्टर, रक्ताची चाचणी, मग बाकीचं. आजार सोसलेली मैत्रीण सोबतीला हवी, निदानाला नाही.

साताऱ्याची ती मुलगी जूनमध्ये पुण्यात अ‍ॅडमिशन घेतेय. परवा तिचा मेसेज होता, 'ताई, तुमच्या फ्लॅटवर वेगळा तवा ठेवू देतात का?'

'माझा आहे ना. ये तू.'