विलंबाला पत्ता असतो

उशिरा येणाऱ्या आगगाडीविषयी मराठीत एक विशिष्ट प्रकारचा लेख लिहिला जातो. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि आता आंतरजालावरही तो नियमाने भेटतो. गाडी आडरानातल्या एखाद्या स्थानकावर थांबते, डब्यातली अनोळखी माणसे हळूहळू एकमेकांशी बोलू लागतात, कोणीतरी शिदोरी सोडते, खिडकीबाहेर संध्याकाळ उतरते आणि घड्याळाच्या जुलुमातून सुटलेल्या लेखकास जगण्याचा काही अर्थ गवसतो. लेख बहुधा सुबक असतो, आणि त्याच्या सुबकपणावर आमचा आक्षेप नाही. गाडी का थांबली आहे हे या लेखात कधीच सांगितलेले नसते, किंबहुना ते न सांगणे ही त्याच्या सौंदर्याची पूर्वअट असते, हा आमचा आक्षेप आहे. विलंब पावसासारखा आकाशातून पडतो असे येथे गृहीत धरलेले असते. आमचे म्हणणे असे की विलंबाला पत्ता असतो. तो कोणीतरी, कोठेतरी वाटून दिलेला असतो. आणि वाटणाऱ्यांचे काम सोपे करण्यात आपल्या वाङ्मयीन अभिरुचीने हातभार लावला आहे.

हे विधान स्पष्ट करण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरचे उदाहरण घेऊ. औंढा नागनाथ तालुक्यातील या गावी रेल्वे नाही. पूर्णा नदीवरचे धरण आहे. नदीच्या वरच्या अंगास येलदरी, खाली सिद्धेश्वर, आणि तेथून कालवे. कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीस आपल्याकडे ‘आवर्तन’ असा संगीतातून आल्यासारखा वाटणारा शब्द आहे. परंतु आवर्तन लांबले म्हणून लाभक्षेत्रातला शेतकरी काव्य करीत नाही. पाणी किती तारखेस सुटले, वरच्या चाऱ्यांनी किती उचलले, शेवटच्या टोकापर्यंत ते का आले नाही, हे तो विचारतो. ‘टेल’च्या शेतकऱ्यास हे पुरते ठाऊक असते की पाणी उशिरा येणे ही घटना नसून वाटणी आहे. त्याच्या वाट्यास आलेला उशीर हा वरच्या कोणाच्या तरी वाट्यास आलेल्या सोयीचा उरलेला भाग असतो. याच शेतकऱ्याचा मुलगा वसमतला किंवा हिंगोलीला गाडीत बसला, की बांधावरचे हे शहाणपण त्याने फलाटावरच सोडून द्यावे आणि विलंबास निसर्ग मानावे, अशी आपली अपेक्षा असते. ती का असावी?

रेल्वेचा व्यवहार कालव्याहून फारसा निराळा नाही. पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला हा मार्ग एके काळी मीटरगेजचा होता. २००८ मध्ये त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. रूळ रुंद झाले, पण मार्ग एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून दुसरी येत असेल तर कोणत्या तरी एकीने स्थानकातल्या लूप लाइनवर बाजूस उभे राहणे भाग असते. आपण त्यास ‘क्रॉसिंग’ म्हणतो. कोणी उभे राहावे हे दैव ठरवीत नाही. त्याची उतरंड आखलेली आहे. या उतरंडीत राजधानीसारख्या गाड्या वर, मेल-एक्सप्रेस त्यांच्या खाली, आणि गावोगाव थांबणारी साधी प्रवासी गाडी त्यांच्याही खाली असते. शिवाय जी गाडी एकदा उशिरा झाली तिचा वेळापत्रकातला रस्ता हातचा जातो, आणि मग वेळेवर धावणाऱ्यांना वाट देत तिला अधिकाधिक उशीर होत जातो. ज्याच्यापाशी आधीच नाही त्याच्याकडूनच आणखी काढून घेण्याची ही रीत आपल्या समाजास अपरिचित नाही.

मुंबईकडे जायचे तर परभणीहून मनमाडपर्यंत हीच कथा. परभणी–मुदखेड हा टप्पा दुहेरी झाला. परंतु परभणी ते छत्रपती संभाजीनगर हा सुमारे १७७ किलोमीटरचा टप्पा दुहेरी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. मराठवाड्याच्या प्रवाशाने लूप लाइनवर घालवलेल्या तासांना म्हणून एक राजकीय इतिहास आहे. तो निधीचा, अग्रक्रमाचा आणि कोणाच्या मागणीचे वजन किती याचा इतिहास आहे. ‘खिडकीबाहेर उतरलेल्या संध्याकाळी’त तो कोठेही दिसत नाही.

या विलंबाची किंमत कोण देते, हेही पाहावयास हवे. हिंगोलीचा विद्यार्थी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. परीक्षा, मुलाखत, मौखिकी, कागदपत्रांची पडताळणी यांसाठी त्यास नांदेड, संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठावी लागते. गाडीचा भरवसा नसल्यामुळे तो एक दिवस आधी निघतो. हा ‘आगाऊ दिवस’ कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. त्यात एका रात्रीच्या निवाऱ्याचा खर्च असतो, बुडालेली मजुरी असते, आणि मुलीच्या बाबतीत घरून परवानगी मिळेल की नाही हा प्रश्नही असतो. मुंबईच्या उमेदवारास जी मुलाखत एका सकाळीची, ती या विद्यार्थ्यास तीन दिवसांची पडते. आपण प्राध्यापक मंडळी त्याच्या उशिरा येण्याची नोंद तेवढी तत्परतेने करतो.

आता भाषेकडे वळू, कारण तो तर आपलाच प्रांत. ‘गाडी निर्धारित वेळेपेक्षा चार तास उशिराने धावत आहे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला विनोद आपल्यास जाणवत नाही. लूप लाइनवर निश्चल उभी असलेली गाडी या वाक्यात ‘धावत’ असते. वाक्याचा कर्ता गाडी आहे. तिला थांबवून ठेवणारा वाक्यात नाही. पाठोपाठ येते ‘प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल’ दिलगिरी. गैरसोय ‘होते’, कोणी ती ‘करीत’ नाही. होणे आणि करणे या दोन क्रियापदांमधले अंतर म्हणजेच जबाबदारी, हे व्याकरणाच्या तासाला आपण शिकवावयास हवे होते. नामकरणाचेही तसेच. २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या परतल्या त्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्सप्रेस’ होऊन. किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत ते उतरले नाही. शब्दाचा अर्थ बदलल्यावाचून शब्दाची किंमत तिप्पट करण्याचे हे कौशल्य कोणत्याही अलंकारशास्त्रात सापडणार नाही.

आकड्यांची भाषाही निर्दोष नाही. गाड्यांच्या वक्तशीरपणाची मोजणी प्रामुख्याने अंतिम स्थानकावर होते, आणि अंतिम स्थानकाच्या अलीकडे वेळापत्रकात सैल वेळ राखून ठेवलेला असतो. परिणामी मधल्या स्थानकावर दोन तास ताटकळलेल्या माणसाची गाडीही कागदोपत्री वेळेवर पोहोचलेली असू शकते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालातही या मोजणीवर बोट ठेवलेले आहे. ‘मिशन रफ्तार’मध्ये मेल-एक्सप्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर करण्याचे उद्दिष्ट होते, २०१९-२० मध्ये तो ५०.६ होता, हेही तेथेच नोंदले आहे. मधल्या स्थानकाचा माणूस मोजलाच जात नाही, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग होय.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला गांधीजींच्या नावाने येतो: वेगाचा हव्यास ही पाश्चात्त्य सभ्यतेची देणगी, आणि १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये रेल्वेवर टीकाच आहे. ते खरे आहे. परंतु याच गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालअपेष्टांवर लिहिले, आणि त्या हालांना त्यांनी साधेपणाचे व्रत म्हणून गौरविले नाही. ते त्यांनी तक्रार म्हणून मांडले. स्वतः निवडलेला संथपणा आणि दुसऱ्याने लादलेला खोळंबा यांतला भेद त्यांना कळत होता. आमच्या ललित लेखकांना तो कळेनासा झाला आहे, कारण खोळंबा संपल्यावर त्यांना हजेरी द्यावयाची नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रतीक्षा हा आपल्या परंपरेचा स्थायीभाव आहे, असे सांगितले जाते, आणि वारकरी संतांचा दाखला दिला जातो. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा हा दाखला आम्ही गांभीर्यानेच घेतो. परंतु त्या कथेत वाट कोण पाहतो? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत आहे. तो वीट पुढे सारतो आणि देवास थांबावयास सांगतो. देव थांबतो, आणि थांबलेलाच राहतो. जो थोर आहे त्याने सामान्याच्या कामासाठी तिष्ठत उभे राहावे, असा त्या प्रतिमेचा अर्थ आहे. आपल्या फलाटावर याच्या नेमके उलट घडते: सामान्याने थोरांच्या गाडीस वाट द्यावी आणि त्याबद्दल त्याच्या सोशिकतेचे कौतुक व्हावे. या व्यवहारास विठ्ठलाची साक्ष काढणे हा परंपरेचा गैरवापर आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’चे नाव येथे हमखास निघते. प्रवास खोळंबतो, माणसे उलगडत जातात आणि आपण हसतो. पण ‘म्हैस’ मोठी आहे ती तिच्यात खोळंब्याचे कारण ठळकपणे आडवे पडलेले आहे म्हणून. तेथे पंचनामा आहे, अधिकार गाजविणारी माणसे आहेत, आणि हसू त्यांच्यावरही आहे. अनुकरण करणाऱ्यांनी हसू घेतले आणि पंचनामा गाळला.

मग प्रवाशाने या विलंबास तोंड द्यावे तरी कसे? सोबत पुस्तक ठेवा, पाणी ठेवा, मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा पाहत राहा, हे सल्ले वाईट नाहीत. मात्र ते सारे प्रवाशासच सुधारू पाहतात. नियमांची स्थिती अशी की आरक्षित तिकिटाची गाडी चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवासी गेलाच नाही, तर त्यास पूर्ण परतावा मिळू शकतो. न गेल्याबद्दल पैसे परत. ताटकळून गेल्याबद्दल काही नाही. लखनौ–दिल्ली ‘तेजस’ २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा एका तासाहून अधिक उशिरास १०० आणि दोन तासांहून अधिक उशिरास २५० रुपये देण्याची योजना होती. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद करण्यात आली. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: प्रवाशाच्या तासाची किंमत करता येते. प्रश्न इतकाच की कोणत्या प्रवाशाच्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये, चार तास उशिरा जम्मूस पोहोचलेल्या गाडीमुळे ज्यांचे विमान चुकले अशा प्रवाशांच्या बाजूने निकाल दिला, आणि उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, अन्यथा भरपाई द्यावी लागेल, असे तत्त्व मांडले. आमच्या दृष्टीने या निकालाचे मोल भरपाईच्या रकमेत नाही. ‘होणे’ या क्रियापदाच्या जागी तेथे ‘करणे’ आले, आणि वाक्यास कर्ता मिळाला. मात्र ती घटना २०१६ ची होती. कर्ता सापडण्यास पाच वर्षे लागली.

धुके, पूर, अपघात, ओढलेली साखळी ही खरी कारणे असतात, हे आम्ही नाकारीत नाही. तसे असेल तर ते तसे सांगावे. उशीर प्रत्येक स्थानकावर मोजला जावा, त्याचे कारण नोंदले जावे, आणि ती नोंद प्रवाशास पाहता यावी, ही मागणी अवाजवी नाही. साहित्याच्या अध्यापकांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. वर्गात उशिराच्या गाडीवरचा एखादा सुंदर लेख शिकविताना गाडी कोणासाठी थांबली होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावा. आणि हिंगोलीहून आलेली विद्यार्थिनी मौखिकीस दोन तास उशिरा दारात उभी राहिली, तर तिची पाळी शेवटी लावावी. तिचे नाव खोडू नये.