टॉप स्पीडवरून गाडीची जात कळत नाही

दोन दारांची, जमिनीला टेकलेली, महागडी गाडी दिसली की आपण तिला सरसकट ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतो आणि लगेच टॉप स्पीड विचारतो. हा निकष अगदीच कुचकामी आहे. 1996 ची लोटस एलिस बघा. 1.8 लिटरचं रोव्हरचं इंजिन, जेमतेम 118 अश्वशक्ती, ताशी 200 किलोमीटरला दम संपतो. 2003 ची बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी 12 सिलिंडर आणि साडेपाचशे अश्वशक्तीच्या जोरावर ताशी 300 च्या पुढे जाते. तरीही अस्सल स्पोर्ट्स कार एलिसच, बेंटली ग्रँड टूरर. फरक वजनाचा आहे. एलिस भरते सुमारे 725 किलो, बेंटली 2,300 किलोंहून जास्त. एलिसची अॅल्युमिनियमची चासी वेल्डिंग न करता चिकटवून जोडलेली आहे. तिला पॉवर स्टिअरिंग नाही, कारण पुढच्या चाकांवर भारच फारसा नाही. म्हणूनच वळणावर टायरची पकड सुटू लागली की ते आधी तळहातांना कळतं. बेंटलीचं एअर सस्पेन्शन नेमकी हीच खबर वाटेत अडवतं, आणि ते तिचं कामच आहे. दिवसभर गाडी हाकूनही माणूस न आंबता उतरला पाहिजे. हे कसब कमी दर्जाचं मुळीच नाही.

यावर म्हटलं जाईल की आता एक बटण दाबलं की सस्पेन्शन कडक होतं, मग ही विभागणी कशाला? पण बटणाने वजन उतरत नाही. त्याच वेगाने तेच वळण घ्यायला तिप्पट वजनाच्या गाडीच्या टायरना तिप्पट जोर लावावा लागतो, ब्रेकनाही तिप्पट ऊर्जा जिरवावी लागते. इलेक्ट्रॉनिक्स हा भार सांभाळून घेतं. चालकाला तो जाणवू देत नाही, एवढंच.

जास्त अवघड आक्षेप पोर्श 911 चा. मागे दोन चिमुकल्या सीट, रोज ऑफिसला नेता येईल अशी, आणि तरी स्पोर्ट्स कार! पण खुद्द पोर्शनेच या दोन जाती एकदा शेजारी उभ्या केल्या होत्या. 911 ची जागा घेईल या हिशेबाने 1977 मध्ये 928 आली. पुढे व्ही-8 इंजिन, ऐसपैस, शांत. 1978 चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ किताबही तिने पटकावला. गाडी उत्तमच होती, पण 911 च्या गिऱ्हाइकाला हवं ते तिच्यात नव्हतं. 1995 मध्ये 928 बंद झाली, 911 आजही विकली जाते. गंमत अशी की सुरुवातीला 1,100 किलोंच्या आत असलेली 911 आता साध्या करेरा रूपातही 1,500 किलोंवर गेली आहे आणि बरीचशी ग्रँड टूररच झाली आहे. जुनी धार हवी असलेल्यांसाठी पोर्शला पातळ काचांची, कमी साउंडप्रूफिंगची, बिनटर्बो इंजिनाची जीटी3 वेगळी बनवावी लागते, आणि तिच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात.