तिची नोकरीही आठवूया

सरकारी नोकरी केलेली एखादी आजी गेली की श्रद्धांजलीत तिची माया, तिच्या हातची चव, नातवंडांचे लाड हे सारं येतं. तीस-पस्तीस वर्षांची तिची नोकरी मात्र नावापुढच्या हुद्द्यातच आटोपते. आम्हाला हे खटकतं. सत्तरच्या दशकात तहसील, जिल्हा परिषद, मंत्रालयात रुजू झालेल्या स्त्रियांची पिढी आता एकेक करून निघून चालली आहे, म्हणून हा अंक आत्ताच काढला.

त्यांच्यासाठी वाट सरळ नव्हती. १९५४च्या आयएएस भरती नियमांत विवाहित स्त्रीला राजीनामा द्यायला सांगता येईल अशी तरतूद होती. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७९च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी तिथल्या नियमांतला असाच भेदभाव कडक शब्दांत उघड केला. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण मिळालं ते पुढे १९९४च्या महिला धोरणाच्या काळात.

या अंकात मोठ्या अधिकारी कमी आहेत. लिपिक, ग्रामसेविका, परिचारिका जास्त. त्यांना देवी करून मखरात बसवायचं आम्ही टाळलं आहे. बदलीच्या गावी मूल कुणी सांभाळलं, निवडणुकीच्या ड्यूटीला तान्हं घरी ठेवून जाताना काय वाटलं, मुलांना न देता आलेला वेळ नातवंडांना देताना त्या काय बोलल्या, हे आम्ही विचारलं. पाळणा हलवणाऱ्या सासूबाई आणि शेजारणीही त्यामुळे या पानांत आल्या.

तुमच्या आईची, आजीची अशी आठवण असेल तर लिहा. बदलीचा जुना आदेश किंवा कचेरीतला फोटो असल्यास त्याची प्रतही पाठवा.